गुडघ्याची अलाइनमेंट : ओळंबा नव्हे, सूत आणि गुण्या

परभणीहून प्रश्न आला आहे. आईचा गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी एका सर्जनने 'मेकॅनिकल अलाइनमेंट' सुचवली, दुसऱ्याने 'कायनेमॅटिक'. अलाइनमेंटला मराठीत 'संरेखन' म्हणावे की 'ओळंबा', आणि या दोन पद्धतींत फरक काय?

आधी 'वाटी बदलली' म्हणणे थांबवू या. लातूरपासून हिंगोलीपर्यंत कुणाचे टोंगळे दुखायले की सल्ला ठरलेला : वाटी बदलून घ्या. अहो, या ऑपरेशनात मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी चढते, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर धातूची चकती बसते आणि दोन्हींच्या मधे प्लास्टिकची गादी. वाटी पुष्कळदा आहे तशीच ठेवतात. फार तर तिला आतून प्लास्टिकची टिकली लावतात. दोन हाडे कोणत्या कोनात कापायची हाच अलाइनमेंटचा सगळा प्रश्न आहे आणि 'वाटी' म्हटले की नेमका तोच नजरेआड होतो.

'संरेखन' रस्त्याला शोभते. त्यात रेषा आहे, कोन नाही. 'ओळंबा' शब्द देखणा : संस्कृत 'अवलंब', म्हणजे खाली लोंबणे, त्यावरून आलेला. पण इथे तो चुकतो. ओळंबा उभी रेषा दाखवतो. पायाची मोजायची रेषा खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत जाते, आणि खुबे घोट्यांपेक्षा एकमेकांपासून लांब असल्यामुळे नीट उभ्या माणसातही ती ओळंब्यापासून सुमारे ३ अंश कलते. तिला 'सूत' म्हणा. दोन टोकांना धरून ताणलेले ते सूत. सूत्रधाराचा 'सुतार' झाला तो याच सुतामुळे. सूत गुडघ्याच्या मध्यातून गेले तर पाय सुतात. मांडीच्या हाडाची नळी मात्र या सुताशी ५ ते ७ अंशांचा कोन करते, म्हणून नळीत सळई घालून कापणी ठरवताना तेवढे अंश वळते करावे लागतात. सूत मोजायला खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला पूर्ण एक्स-रे लागतो. वाटी समोर हवी. पाय फिरलेला किंवा गुडघा वाकलेला असेल तर आकडा खोटा येतो.

आता खरा शब्द : गुण्या. गवंड्याच्या पिशवीतला आणि पोरांच्या कंपासपेटीतला काटकोन. तो फारसी 'गूनिया'वरून आला, तुर्कीतही 'गोन्ये' आहे, आणि या सगळ्यांचे मूळ ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोन. हा 'गोनिया' ग्रीक 'गोनु'चा सोयरा, आणि गोनु म्हणजे चक्क गुडघा! वाकलेला गुडघा हा माणसाला सापडलेला पहिला कोन, असे मी ठामपणे मानतो. याच घराण्यात लॅटिन 'गेनु', इंग्रजी 'नी', फारसी 'झानू' आणि आपला 'जानु' आहे. 'आजानुबाहू' म्हणताना तोच गुडघा आपल्या तोंडी असतो. म्हणजे एकच मूळ दोन वाटांनी मराठीत आले : संस्कृतातून जानु होऊन आणि ग्रीस-इराण फिरून गुण्या होऊन. 'गुण म्हणजे दोरी, म्हणून गुण्या' असे कुणी सांगू लागले तर ऐकू नका. 'त्रिकोण'ही ग्रीकच असे मानणारे विद्वान आहेत. 'केंद्र' ग्रीक हे पक्के, 'कोण'बद्दल मला तेवढे पटत नाही. देहावरून भूमिती बोलण्याची खोड आपल्यातही आहेच, त्रिकोणाची 'भुजा' आणि 'कर्ण' पाहा.

तर फरक. मेकॅनिकल पद्धतीत दोन्ही हाडे सुताला गुण्यात, म्हणजे ९० अंशांत कापतात. पण निसर्गाने सांधा गुण्यात घडवलेला नाही. नडगीचा माथा सरासरी ३ अंश आतल्या बाजूला उतरता असतो. तो ९० अंशांत कापला की बाहेरच्या बाजूचे हाड जास्त जाते आणि गुडघा वाकवल्यावर फट एकीकडे रुंद होते. ती सारखी करायला वरची टोपी ३ अंश बाहेर फिरवून बसवतात. शिवाय, काही लोकांचा पाय मुळातच बाहेर बाकदार असतो. बेल्जियमचे सर्जन बेलेमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तक्रार नसलेली तरुण मंडळी तपासली, तेव्हा ३२ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत असा ३ अंश किंवा अधिक बाक निघाला. असा पाय जबरदस्तीने गुण्यात आणायचा तर आतल्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडे बांधणारे पट्टे, सैल करावे लागतात.

कायनेमॅटिक पद्धतीत गुण्या बाजूला ठेवून झिजेपूर्वीचा उतार परत आणतात. हिशेब जाडीचा असतो. टोपी ९ मिमीची असेल तर कुर्चा (हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर) शाबूत असलेल्या बाजूचा तुकडा ८ मिमीचा निघाला पाहिजे, कारण १ मिमी करवतीच्या पात्यात जातो. कुर्चा झिजलेल्या बाजूला आणखी २ मिमी कमी, म्हणजे ६. प्रत्येक तुकडा कॅलिपरने मोजतात. जास्त निघाला तर टोपीखाली पोकळी राहते, कमी निघाला तर पुन्हा कापायचे. धोका असा की नडगीची चकती फार तिरपी बसली तर आतल्या बाजूवर भार येऊन ती ढिली पडू शकते. म्हणून बरेच सर्जन मधला मार्ग घेतात : मूळ उतार ठेवायचा, पण ठरावीक अंशांच्या आत.

आईच्या सर्जनना एवढेच विचारा : नडगी गुण्यात कापणार की मूळ उतारावर, आणि उतारावर असेल तर किती अंशांपर्यंत? बोलताना 'अलाइनमेंट' खुशाल म्हणा. 'संरेखन' नको.