शेवटच्या टप्प्यातल्या आईला घरी सांभाळणं झेपेल का?

तुम्ही लिहिलंय: आई ८१ वर्षांची, कर्करोग यकृतापर्यंत पसरलाय, डॉक्टर म्हणाले "आता घरी न्या". तुम्हाला घरी आणायचंय आणि भाऊ पुण्याहून फोनवर आयसीयूचा आग्रह धरतोय.

झेपतं. मी डॉक्टर नाही. माझी आई ७९व्या वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेली, शेवटचे ४७ दिवस डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत काढून. घरी आणायच्या दिवशी कळलं की बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. शेवटी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. तेव्हा आधी लिफ्ट मोजा. हसू नका, खरंच सांगतेय.

त्याहून आधी डॉक्टरांना एकच विचारा: घरी दुखणं कोण सांभाळणार? आम्हाला डिस्चार्जच्या वेळी साध्या वेदनाशामक गोळ्या आणि "काही वाटलं तर फोन करा" एवढंच मिळालं होतं. पहिल्या दोन रात्री आई पोटाशी उशी दाबून बसून होती, कारण आडवं झालं की कळ थेट पाठीत जायची. मग पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी ठेवणारी सेवा) विभाग गाठला. तिथली नर्स आठवड्यातून एकदा घरी यायची आणि एरवी डॉक्टर फोनवर असायचे. तुम्ही गाव लिहिलेलं नाही. मुंबईकडे असाल तर टाटा रुग्णालयात हा विभाग आहे, वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे (१९८६पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण), पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. इतरत्र असाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

तिथे मॉर्फिन लिहून दिलं तर दचकू नका. माझी आत्या "अफू देताय होय आईला?" म्हणाली होती. अशा दुखण्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. आमच्या डॉक्टरांनी अर्ध्या गोळीपासून सुरुवात केली. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दुखो वा न दुखो, घड्याळाप्रमाणेच द्यायची. दुखेपर्यंत थांबलं की मग दुखणं आवरायला जास्त औषध लागतं. मधेच कळ आली तर जादा डोस किती, हेही लिहून घ्या. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांचाच पाळा, माझा नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होती, मग ओसरली. बद्धकोष्ठता ओसरत नाही, त्यामुळे रेचक पहिल्या दिवसापासून हवंच. आम्ही चार दिवस हयगय केली आणि मग एनिमा द्यावा लागला. त्या दुपारी आई माझ्यावर जेवढी चिडली तेवढी आजारपणात कधी चिडली नव्हती. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ला झालेल्या दुरुस्तीनंतर मॉर्फिनच्या परवान्यांची कटकट कमी झालीय, तरी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे या गोळ्या मिळतील असं समजू नका. पुढची पट्टी संपायच्या चार दिवस आधी सोय करा.

आता जेवण. गोळ्या, डायपर, कूस बदलणं हे सगळं हात शिकतात. जेवणाचं मन शिकत नाही.

विसाव्या दिवसाच्या आसपास आईने ताट सरकवायला सुरुवात केली. मी मऊ भात केला, मुगाचं कढण केलं, वर साजूक तूप. "एकच घास, माझ्यासाठी." तिने तोंड उघडलं, माझ्यासाठीच. घास गालात तसाच राहिला. तो खाली जावा म्हणून मी चमचाभर पाणी घातलं आणि असा ठसका लागला की तिचे डोळे पांढरे झाले. पाठ चोळून, एका कुशीवर वळवून, पाच मिनिटांनी श्वास बसला. मग तिने विचारलं, "झालं तुझं समाधान?" रागाने नाही, खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी नर्सने सांगितलं की न खाल्ल्यामुळे ती खंगत नाहीये. शरीर आवरतं घेतंय म्हणून खाणं नकोसं झालंय. "निदान सलाईन तरी लावा" असं येणारा प्रत्येक नातेवाईक म्हणेल. आम्हीही विचारलं होतं. अशा अवस्थेत ते पाणी बऱ्याचदा पायांत आणि छातीत साचतं आणि श्वास जड होतो, असं डॉक्टरांनी समजावलं. तोंड मात्र कोरडं पडू द्यायचं नाही. आई चिपळूणची, म्हणून मी कोकम सरबताचा बर्फ जमवायचे. छोटा खडा स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून तिच्या ओठांत धरायचा, टोक माझ्या हातात. ते ती चोखायची. शेवटच्या आठवड्यात तेही नको झालं, तेव्हा ओल्या गॉजने तोंड पुसायचं आणि ओठांना तूप.

दर दोन तासांनी कूस बदलणं आणि एअर बेड, यात तडजोड नको. नर्सिंग ब्युरोतून रात्रीच्या मावशी मिळाल्या तर ठेवाच. मी "माझी आई मीच करणार" म्हणत तीन आठवडे ताणलं आणि एका रात्री दहाच्या गोळ्या दोनदा देता देता वाचले. त्यानंतर वही आली: वेळ, गोळी, सही.

शेवटी श्वास मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो, घशात घरघर वाजते. ऐकणाऱ्याला वाटतं गुदमरतेय. घरघरीसाठी इंजेक्शन असतं, ते आधीच घरात आणून ठेवा आणि कुशीवर झोपवा. धाप लागली तर चेहऱ्यावर टेबल फॅनचा झोत सोडा, आराम पडतो. घाबरून १०८ला फोन केलात तर ते त्यांचं काम करणार, रुग्णालयात नेणार, आणि तिथून पुढे नळ्या. कोणाला फोन करायचा तो नंबर फ्रिजवर चिकटवा.

आणि एक रुक्ष गोष्ट. घरी मृत्यू झाला की डॉक्टरांचा फॉर्म ४-अ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) लागतो, नाहीतर स्मशानात अडतं. आमचे फॅमिली डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "मी त्यांना या आजारात पाहिलंच नाही, सही कशी करू?" बरोबरच होतं त्यांचं. म्हणून त्यांना आधी दोनदा घरी बोलावून कागद दाखवून ठेवले. आई पहाटे चारला गेली, साडेपाचला ते दारात होते.

राहिला भाऊ. माझाही बडोद्याहून रोज सलाईनचा आग्रह धरायचा. मी वाद घालणं सोडलं, त्याला शनिवारी बोलावलं आणि रात्री आईच्या खोलीत एकट्याला झोपवलं. हातात वही दिली. सकाळी सहाची गोळी त्यानेच दिली, वेळ लिहिली, सही केली आणि मला म्हणाला, "ते बर्फाचं कसं करतेस, दाखव."