म्हाताऱ्या गिनी पिगच्या पिंजऱ्यात काय अंथरावं?

तुमच्याकडे ठाण्यात साडेपाच वर्षांच्या दोन माद्या आहेत आणि आजवर तुम्ही लाकडाचा भुसा वापरलात. आता एकीचे मागचे तळवे लालसर दिसतायत, पोटाखालचे केस ओले राहतायत. मऊ असेल, लघवी शोषून घेईल आणि पावसाळ्यात वाळेलही, असं काय घालावं हा तुमचा प्रश्न.

थेट सांगते. वर पातळ फ्लीस (हिवाळी जॅकेटच्या आत असतं तसं मऊ, लोकरीसारखं कापड), त्याखाली सुती पंचाच्या किंवा टॉवेलच्या घड्या, आणि सगळ्यात खाली पाणी न झिरपणारं शीट. माझ्याकडच्या म्हाताऱ्या गिनी पिगना मी हेच घालते. दुकानात आपण कापडावर हात फिरवून ते किती मऊ आहे एवढंच बघतो. पण या वयाच्या जिवाला मऊपणाच्या आधी कोरडेपणा लागतो. कितीही मऊ कापड असलं तरी वरून ओलं राहत असेल तर ते या पायांना भुशापेक्षा वाईट.

सशाच्या तळव्यांना दाट केसांचं अस्तर असतं, गिनी पिगचे तळवे मात्र उघडे. तरुणपणी ती सतत पळत असतात, त्यामुळे एकाच जागी भार पडत नाही. वय झालं की सांधे दुखतात, वजन कधी वाढतं, मागचे पाय अशक्त होतात, आणि ती तासन्‌तास एका कोपऱ्यात बसून राहतात. तिथेच लघवी होते. ओली कातडी फुगते, भेगा पडतात आणि त्यातून जंतू आत शिरतात. सुरुवातीला नुसता लालसरपणा, मग सूज, मग खपली. दुर्लक्ष झालं तर संसर्ग स्नायूबंध आणि हाडापर्यंत पोचतो. याला डॉक्टर पोडोडर्मटायटिस किंवा बम्बलफूट म्हणतात. तुम्ही तळवे लालसर असतानाच विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण या टप्प्यावर अंथरूण बदलून खरंच फरक पडतो.

आता फ्लीसबद्दल जरा सविस्तर, कारण अडचण बहुतेक इथेच येते. फ्लीस म्हणजे पॉलिस्टर. त्याचा धागा स्वतः पाणी जवळजवळ धरतच नाही. लघवी धाग्यांमधल्या फटींतून खाली उतरते आणि खालचं सुती कापड ती ओढून घेतं. म्हणून नुसतं फ्लीस अंथरून उपयोग नाही, खाली शोषणारा थर हवाच. आणि नवं कोरं फ्लीस तर पाणी खालीही जाऊ देत नाही, कारण कारखान्यात त्यावर फिनिश चढवलेलं असतं. ते गरम पाण्यात साध्या डिटर्जंटने तीन-चार वेळा धुवावं लागतं. फॅब्रिक कंडिशनर कधीही घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड पुन्हा पाणी अडवायला लागतं. धुतलेलं फ्लीस टॉवेलवर पसरा आणि वर चमचाभर पाणी ओता. थेंब वरच गोळा होऊन राहिले तर अजून एकदा धुवा. पाणी खाली गेलं आणि वर हात फिरवल्यावर कोरडं लागलं की कापड तयार.

फ्लीससाठी महागडी, ‘गिनी पिग लायनर’ म्हणून विकली जाणारी शिवलेली चटई घ्यायलाच हवी असं नाही. दुकानांत पातळ एसी ब्लँकेट म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा फ्लीसच असतं, लेबलवर पॉलिस्टर लिहिलंय ना तेवढं बघा. कापून वापरता येतं, आणि कापलेल्या कडेला धागे सुटत नाहीत, हा म्हाताऱ्या प्राण्यासाठी मोठाच फायदा. सुटा धागा पायाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला की रक्त अडतं आणि बोट काळं पडतं. लांब केसांचं मिंक ब्लँकेट मात्र टाळा, त्यात गवत आणि केस अडकून बसतात. फलालीनही नको. सुती असल्यामुळे ती हाताला छान लागते, पण ओल वरच धरून ठेवते.

रंग फिका घ्या. पांढरा, क्रीम, फिका पिवळा, काहीही चालेल, पण फिका. छापील नक्षीचं फ्लीस दिसायला गोड असतं, पण त्यावर लघवीचा रंग कळत नाही. या वयात मूत्रखडे आणि मूत्राशयाचा दाह नेहमी आढळतो. म्हाताऱ्या माद्यांच्या अंडाशयात पाण्याच्या गाठी होणंही फार सामान्य आहे, आणि गर्भाशयाचा त्रास असेल तर तिथूनही रक्त येऊ शकतं. फिक्या कापडावर गुलाबी डाग पहिल्याच दिवशी दिसतो. गिनी पिगच्या लघवीत कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे वाळल्यावर थोडी पांढरी पूड दिसणं नेहमीचं आहे. तीच वाळूसारखी रवाळ लागायला लागली किंवा लघवी करताना ती ओरडायला लागली, तर डॉक्टरकडे न्या. आदल्या दिवशी बीट दिलं असेल तर लाल रंग त्याचाही असू शकतो, तेवढं आठवून बघा.

खालच्या थराला घरातलंच कापड वापरा. जुने टॉवेल, पंचे, धोतराचं कापड. बाळाचं दुपटं किंवा लहान गोधडी तर उत्तम, जुन्या सुती साड्यांचे थर भरपूर पाणी पितात. फक्त टाके उसवलेली गोधडी नको, आणि जाड गोधडी पावसाळ्यात नकोच. टॉवेल कधीही उघडा ठेवू नका, त्याच्या धाग्यांच्या फाशांत नखं अडकतात. सगळ्यात खाली बाळासाठी मिळणारी ड्राय शीट चालते. कुत्र्याच्या पिल्लांसाठीचे किंवा आजारी माणसांसाठीचे वापरून टाकायचे पॅड शोषतात छान, पण कुरतडणारी गिनी पिग असेल तर ते धोक्याचे. आतली फुगणारी पूड पोटात जाता कामा नये. वापरलेच तर फ्लीसच्या कडा पॅडखाली नीट दुमडून घ्या आणि ती फ्लीसखाली शिरून कुरतडत तर नाहीत ना, हे रोज बघा.

भुशाबद्दल. सुताराकडून किंवा वखारीतून आणलेला भुसा असेल तर आजच काढा. त्यात प्लायवूड आणि एमडीएफचा डिंक, पॉलिश, सागाची बारीक धूळ असं काहीही असू शकतं. सागाच्या धुळीने तर माणसाच्या कातडीलाही खाज सुटते. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा विकतचाही नको. भट्टीत वाळवलेल्या, धूळ काढलेल्या पाइनच्या सालपटांना माझा विरोध नाही, तरुण प्राण्यांना ती चालतात. पण मागचे पाय ओढत चालणाऱ्या म्हातारीच्या ओल्या पोटाला भुसा चिकटतो, गुप्तांगात अडकतो आणि ते साफ करायला तिचं तोंड तिथपर्यंत पोचत नाही. भाताचा तूस टोचतो. कोकोपीटची धूळ उडते. ओल्या झाल्यावर गोळा होणारी मांजराची लिटर तर अजिबात नाही, खाल्ली तर आतडं अडू शकतं. वर्तमानपत्र घसरतं आणि ओल वरच राहते. कागदाचं मऊ, कापसासारखं बेडिंग मिळालं तर तेवढं मात्र चांगलं. कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्यांवर त्यांना उभं राहायला लावू नका, सुजलेल्या तळव्याला त्या खड्यांसारख्या टोचतात.

गिनी पिग जिथे खातात आणि जिथे लपतात तिथेच सगळ्यात जास्त लघवी करतात. म्हणून पूर्ण तळाला एक मोठी चादर, आणि गवताच्या जाळीखाली व लपायच्या घरात वेगळे छोटे पॅड ठेवा. फ्लीसच्या दोन तुकड्यांमध्ये पंचाच्या तीन-चार घड्या शिवल्या की झाला पॅड. छोटे पॅड रोज बदला, मोठी चादर तीन-चार दिवसांनी. लेंड्या मात्र सकाळ-संध्याकाळ झाडून घ्या. लघवीतून अमोनिया सुटतो आणि त्यांचं नाक जमिनीलगत असतं. आपल्याला उभ्याने वास आला म्हणजे त्यांना तो कधीचाच झोंबत असतो.

पावसाळ्यात जाड टर्किश टॉवेल कपाटात ठेवा आणि त्याऐवजी दोन-दोन पंचे एकावर एक घाला. पंचा पंख्याखाली वाळतो, थोडा दमट राहिला तर इस्त्री फिरवता येते. फ्लीसवर इस्त्री करू नका, वितळेल. ते पिळून टांगलं की रात्रभरात आपोआप वाळतं. तीन-चार संच असले की ओढाताण होत नाही. धुण्याआधी कापड बाहेर झटका आणि जाळीच्या पिशवीत घालून मशीनला लावा, नाहीतर केस मशीनभर होतात. शेवटच्या खळबळीला थोडं पांढरं व्हिनेगर घातलं तर लघवीचा चुनखडीसारखा थर सुटतो आणि वासही जातो. दमट कापड घालायची वेळ आली तर त्या दिवशी नुसतं कागदाचं बेडिंग किंवा मऊ गवताचा जाड थर घाला. ओलीत बुरशी वाढते, आणि त्यांचं गजकर्ण घरातल्या मुलांनाही लागतं. याच दिवसांत माश्यांकडेही लक्ष ठेवा. मागची बाजू घाण राहिली तर माश्या तिथे अंडी घालतात आणि किडे पडायला फार वेळ लागत नाही. खिडकीला जाळी लावा आणि रोज एकदा तिला दोन्ही हातांनी सावरून धरून पोट आणि मागची बाजू बघा. पोट ओलं असेल तर कोमट पाण्याच्या कापडाने पुसून पूर्ण कोरडं करा, तिथले लांब केस कात्रीने कमी करा.

अंथरूण बदलल्यावर नखंही बघा. वाढलेल्या नखांमुळे पाऊल तिरकं पडतं आणि सगळा भार तळव्याच्या मागच्या भागावर येतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही आणि ते कमी पडलं की जखमा भरत नाहीत. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, ढोबळी मिरचीचा तुकडा रोज द्या, अधूनमधून पेरूची फोड.

तळव्यांचा आज एक फोटो काढून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा काढा. लालसरपणा कमी होत असेल तर असंच चालू द्या. सूज, खपली, रक्त किंवा लंगडणं दिसलं तर आठवड्याची वाट न बघता गिनी पिग-सशांवर उपचार करणारे डॉक्टर गाठा. खपली घरी काढू नका. आणि घरात पडलेलं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं कुठलंही औषध तोंडावाटे देऊ नका. त्याने गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि काही दिवसांत जीवही जाऊ शकतो. कुत्र्या-मांजरांच्याच डॉक्टरकडे जावं लागलं तर हे तिथे आधी बोलून घ्या.