होम थिएटरच्या खोलीसाठी ६०,००० रुपयांत कोणते स्पीकर घ्यावेत? ५.१ की ७.१?

तुम्ही लिहिलंय की घराचं बांधकाम चालू आहे, १२ बाय १२ ची एक खोली खास सिनेमासाठी ठेवलीय, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर मिळून ६०,००० खर्चायची तयारी आहे, घरात वयस्कर आईवडील आहेत, आणि ५.१ घ्यावा की ७.१ हे ठरत नाहीये. ७.१, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खर्जाचा आवाज काढणारा), डोक्यातून काढून टाका. ५.१, म्हणजे पाच आणि एक, तोही आज नको. आज तीनच घ्या, डावा, उजवा आणि मधला, आणि मधल्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. तुमच्या प्रश्नात आईवडिलांचा उल्लेख नसता तर मी उत्तर लिहायला बसलोही नसतो.

आम्ही सांगलीचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं पहिलं मराठी नाटक केलं ते हे गाव, त्यामुळं नाटकाचा नाद इथं घरोघरी. माझे वडील, नाना, नोकरी सांभाळून तीसेक वर्षं हौशी नाटकांना प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून, नटाला ऐकू जाईल पण पहिल्या रांगेला जाणार नाही, इतक्याच आवाजात वाक्य टाकायचं हे त्यांचं काम. शब्द कुठवर पोचतो हे त्या माणसाला जेवढं कळतं तेवढं मी कुणाला कळताना पाहिलं नाही.

२०१६ साली आम्ही वरचा मजला चढवला आणि एक खोली सिनेमासाठी ठेवली. तुमच्यासारखीच चौकोनी. खाली चकचकीत टाइल्स, तीन बाजूंना पुट्टी मारून गुळगुळीत केलेल्या भिंती, चौथ्या बाजूला काचेची सरकती खिडकी. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, ह्यांच्याकडं आधीपासून सात स्पीकर. त्यांचं म्हणणं एकच, आवाज अंगावर आला पाहिजे, सोफा हादरला पाहिजे. त्यांच्याच सल्ल्यानं एक तयार सेट आणला. मुठीएवढे पाच स्पीकर, एक सबवूफर, खोक्यावर मोठ्या अक्षरांत १००० वॉट.

पहिला आठवडा कौतुकात गेला. मग माझ्या लक्षात यायला लागलं की नाना दर दोन मिनिटांनी नातीकडं वळून विचारतायत, "काय म्हणाला गं तो?" ती सांगायची. पुढं तीही कंटाळली. माझ्या हातात कायम रिमोट, माणसं बोलायला लागली की वाढव, मारामारी आली की धावत कमी कर. मग नानांनी विचारणंच बंद केलं. एका रविवारी सिनेमा अर्ध्यात असताना त्यांनी आपलं तांब्या-भांडं उचललं, "पाठ लागलीय माझी" म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते वर आले नाहीत.

भाऊबीजेला सगळे जमलेले असताना दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "नानांचे कान गेलेत आता, मशीन बसवून घ्या." नाना काही बोलले नाहीत. ताटातली करंजी मोडत बसले. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासणी झाली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी असतं तसं, वरच्या पट्टीतलं थोडं कमी, बाकी ठीक, मशीनची आत्ता गरज नाही. आणि त्याच महिन्यात नाट्यगृहात चौदाव्या रांगेत बसून त्यांनी अख्खं नाटक ऐकलं, वर घरी येताना कोणत्या नटानं कुठलं वाक्य खाल्लं ते मला रिक्षात बसून सांगितलं. मला तिथंच लख्ख कळलं. चौदाव्या रांगेत ज्या माणसाला शब्द कळतो त्याला स्वतःच्या घरात आठ फुटांवरून कळत नसेल तर दोष घरात आहे.

म्हणून शोधायला लागलो. पहिली गोष्ट, खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवली. टाळीनंतर 'टर्रर्र' असा चिरका आवाज भिंतीभिंतींत फिरत राहिला. बोलण्यातले स, श, च, त, क हे आवाज मुळात क्षीण असतात आणि वरच्या पट्टीत असतात. शब्द ओळखू येतो तो ह्यांच्यामुळं. उतारवयात कान नेमका हाच पट्टा आधी गमावतात, आणि जो उरलेला असतो तो अशा खोलीत स्वतःच्याच पडसादात बुडून जातो. अशा वेळी आवाज वाढवला तर पडसादही तेवढाच वाढतो.

दुसरी गोष्ट, मधला स्पीकर. सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं ह्याच एका स्पीकरमधून येतं. बाकीचे चार पाऊस, गाड्या आणि संगीत सांभाळतात. आणि आमचा मधला स्पीकर कुठं होता? टीव्हीखालच्या कप्प्यात, आत सरकवलेला, तोंड आमच्या गुडघ्यांकडं. सुतारानं कप्पा छान बनवला होता, स्पीकर त्यात अगदी मापात बसला होता, आणि म्हणूनच कुणाला शंका आली नाही. मी तो पुढं ओढून फळीच्या काठावर आणला आणि पुढच्या बाजूनं खाली लेकीचे दोन खोडरबर लावून त्याचं तोंड वर, आम्ही बसतो त्या उंचीला केलं. सेटिंगमध्ये जाऊन मधल्याची पातळी ३ डेसिबल वाढवली. खर्च शून्य. फरक इतका की मी स्वतःच चपापलो.

मग खोली. खाली जाड सतरंजी. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. खिडकीला जाड, चुण्यांचे पडदे. आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आईनं जुन्या नऊवारींच्या शिवलेल्या दोन गोधड्या, भिंतीपासून तीन बोटं पुढं काठीवर टांगून. जागा कशी ठरवली? आपण सोफ्यावर बसायचं, दुसऱ्यानं भिंतीला लावून आरसा सरकवत न्यायचा, आरशात जिथं पुढचा स्पीकर दिसेल तिथं गोधडी. पुन्हा टाळी वाजवली. ती नुसती टाळी आली, मागं काही नाही.

चार वर्षांनी त्या सेटचं मुख्य युनिट बंद पडलं. पार्ट मिळत नाही म्हणाले. आणि स्पीकरला त्यांचीच खास पिन, ३ ओहमचा लोड (विजेला रोध फारच कमी), म्हणजे दुसऱ्या साध्या ॲम्प्लिफायरला जोडायची सोय नाही. सगळं भंगारात. तयार सेट घेऊ नका असं मी कळवळून सांगतो ते ह्यासाठी. एक भाग गेला की सगळे जातात.

मग मी सुटं घेतलं. एव्ही रिसिव्हर (सिनेमाचा आवाज स्पीकरांत वाटून देणारा ॲम्प्लिफायर), दोन बुकशेल्फ (फळीवर मावणारे) स्पीकर आणि त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला मधला. मालिका एकच हवी, नाहीतर माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडं चालत गेला की त्याचा आवाज बदलतो. सबवूफर दोन वर्षांनी आला, मागचे दोन त्याच्यानंतर. जोडून झाल्या रात्री नानांना हाताला धरून वर आणलं. वीसेक मिनिटं काही बोलले नाहीत. मग पडद्यावरच्या एका नटाकडं बोट करून म्हणाले, "ह्यानं श्वास चुकीच्या जागी घेतला." मला त्याहून मोठी पावती कुणी दिलेली नाही. आता ते ८३ वर्षांचे आहेत, दर रविवारी आमच्याबरोबर पूर्ण सिनेमा बघतात, आणि "काय म्हणाला" हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही.

दाजी आजही म्हणतात, मोठा सबवूफर आधी घ्यायचा होता. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर मनापासून सांगतो, तुमच्या त्या खोलीत बसून मला एका सिनेमाचं एक वाक्य धड कळलेलं नाही, आणि माझे कान शाबूत आहेत. नानांच्या कानांबद्दल तुम्ही सगळ्यांसमोर जे बोललात ते चूक होतं.

आता तुमचं. नवा, बरा रिसिव्हर घेतला की निम्मं बजेट तिथंच जातं. उरलेल्यात ५-६ इंची वूफरचे (खालचा आवाज काढणारा पडदा) दोन बुकशेल्फ आणि जुळणारा मधला, एवढंच नीट बसतं. त्याच पैशांत सात बसवायचे म्हटले तर सातही पत्र्याचे मिळतात. वॉटवर जाऊ नका. पीएमपीओ (क्षणापुरती, फुगवून सांगितलेली ताकद) लिहिलेला आकडा तर वाचूही नका, आरएमएस (सलग टिकणारी ताकद) विचारा, आणि त्याच्याही आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो, ते विचारा. ८५ डेसिबलचा स्पीकर ८८ च्या इतका वाजवायला दुप्पट ताकद लागते.

तुमची खोली चौरस आहे ही अडचण मोठी आहे. १२ फुटांच्या भिंतीत साधारण ४७ हर्ट्झला आवाज घुमतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्यामुळं दोन्हीकडून तोच सूर साचणार. मागच्या भिंतीला टेकून सोफा ठेवलात तर ढमढम, बरोबर मधोमध बसलात तर तो सूर गायब. मागच्या भिंतीपासून चारेक फूट पुढं बसा. अजून विटा रचल्या जात असतील तर एक भिंत फूटभर सरकवता येते का, मिस्त्रीला विचारा. पुढच्या दोन स्पीकरमधलं अंतर तुमच्या आणि त्यांच्यामधल्या अंतराएवढं, ट्विटर (वरच्या पट्टीचा आवाज काढणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला. पुढं सबवूफर आणाल तेव्हा तो तुमच्या बसायच्या जागी ठेवून वाजवा आणि भिंतीकडेनं रांगत फिरा, जिथं आवाज गोळीबंद लागेल तिथं त्याची कायमची जागा.

दुकानात जाताना आईवडिलांना बरोबर न्या. त्यांना खुर्चीवर बसवा, दुकानदाराला मारामारीचा डेमो बंद करायला सांगा आणि दोन माणसं हळू बोलतायत असा प्रसंग कमी आवाजात लावा. ज्या स्पीकरवर आई एकही शब्द परत विचारणार नाही तो घ्या. मॉडेलचं नाव तुम्ही मागितलंय, ते मी देत नाही, कारण माझी खोली आणि माझ्या वडिलांचे कान तुमच्याकडं नाहीत.

हे सगळं मी माझ्या एका घराच्या अनुभवावर सांगतोय, मी ह्या धंद्यातला नाही. सिनेमापेक्षा गाणीच जास्त ऐकणार असाल तर मधलाही नको, दोन चांगले स्पीकर आणि साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्या. दाजींची खोली वीस फूट लांब आहे, तिथं जमिनीवर उभे राहणारे मोठे टॉवर स्पीकर शोभतात, हेही खरं. गोधड्या, पडदे घुमणाऱ्या बासला (खर्जाला) काही करू शकत नाहीत, ते काम बसायच्या जागेवरच भागवावं लागतं. आणि कानांची तपासणी मात्र करून घ्याच, कारण सगळ्यांचा अहवाल नानांसारखा येईल असं नाही.

मागचे दोन स्पीकर आज घेऊ नका म्हटलं, पण त्यांच्या तारांसाठी एक इंची पाइप प्लास्टरच्या आधी भिंतीत टाकून घ्या, टीव्हीच्या जागेपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत, लाइटच्या वायरिंगपासून वेगळा. तार १६ गेजची, निव्वळ तांब्याची, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. आम्ही पाइप टाकला नव्हता. आमच्याकडं आजही ती तार दारावरून, चौकटीला चिकटपट्टी लावून गेलेली आहे.