ट्रेझोरजवळ खोली घ्यावी का?

तू दोन गोष्टी विचारल्यास. ऑक्टोबरपासून बर्लिनमध्ये मास्टर्स सुरू होतंय आणि टेक्नोचं, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या ठेक्याच्या नृत्यसंगीताचं, वेड आहे, तर ‘ट्रेझोर’ क्लबच्या जवळपास खोली बघावी का? आणि १९९१ साली सुरू झालेली त्याची मूळ जागा अजून पाहायला मिळते का? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

मूळ जागा आता नाही. पॉट्सडामर प्लाट्झच्या शेजारी, लाइपझिगर श्ट्रासेवर, १८९७ मध्ये वेर्टहाइम नावाचं अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर उघडलं होतं. मालक ज्यू कुटुंबातले. नाझींच्या काळात ते त्यांच्या हातून हिसकावून घेतलं गेलं, मग युद्धात इमारतीवर बॉम्ब पडले आणि उरलेले अवशेष पन्नासच्या दशकात पाडून टाकले. जमीन पूर्व बर्लिनच्या हद्दीत, भिंतीला अगदी लागून, त्यामुळे तिथे कोणी फिरकत नसे. जमिनीखाली मात्र स्टोअरची लॉकर-रूम, म्हणजे मौल्यवान वस्तू ठेवायची तिजोरीची खोली, शाबूत होती. जाड काँक्रीट, लोखंडी गज, गंजलेल्या कप्प्यांच्या रांगा.

९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत पडली आणि पूर्वेकडचे कारखाने, गोदामं, सरकारी कचेऱ्या एकामागून एक रिकाम्या पडल्या. मालक कोण, हेच ठरत नव्हतं. नाझींनी बळकावलेल्या मिळकती, नंतर समाजवादी सरकारने ताब्यात घेतलेल्या मिळकती, सगळ्यांवर दावे. निकाल लागेपर्यंत जागा थोड्या मुदतीच्या कराराने मिळत. बर्लिनचं टेक्नो ह्या मालकीच्या गोंधळातून उभं राहिलं, असं माझं ठाम मत आहे. संगीत तर आधीही होतं. पुढे ट्रेझोर काढणारा दिमित्री हेगेमान आणि त्याच्या मित्रांनी १९८८ मध्येच पश्चिमेला, क्रॉइझबर्गमध्ये, ‘उफो’ नावाचा छोटा क्लब काढला होता. तो पैशांअभावी बंद पडला. रात्रीची वेळमर्यादा पश्चिम बर्लिनमध्ये १९४९ पासूनच नव्हती. रात्री दहाला स्पीकर बंद होणाऱ्या गावातून येणाऱ्या तुला ह्याचं महत्त्व सांगायला नको. कमी होती ती जागेची. ती लॉकर-रूमच्या रूपाने सापडली आणि मार्च १९९१ मध्ये ट्रेझोर सुरू झाला. खाली तळघरात कठोर टेक्नो, वर ‘ग्लोबस’ नावाच्या मजल्यावर हाउस, म्हणजे टेक्नोपेक्षा मऊ नृत्यसंगीत. कालपर्यंत भिंतीच्या दोन बाजूंना वाढलेली पोरं त्या ठेंगण्या छताखाली एकत्र नाचत होती. शहर कागदावर एक झालं होतं. माणसं एकमेकांत मिसळली ती अशा ठिकाणी.

तिथे वाजायचं काय, हेही नीट समजून घे. टेक्नोचा जन्म अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा, मोटारींचे कारखाने उठून चाललेल्या शहरातला. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन साँडरसन ह्या कृष्णवर्णीय तरुणांनी ऐंशीच्या दशकात तो घडवला. ट्रेझोरने १९९१ मध्येच स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं आणि पहिली रेकॉर्ड केली ती डेट्रॉइटच्याच ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’च्या मंडळींची: जेफ मिल्स, माइक बँक्स, रॉबर्ट हूड. त्यांनी ती ‘एक्स-१०१’ ह्या नावाने केली. बर्लिनला ‘टेक्नोची राजधानी’ म्हणताना हे ऋण विसरलं जातं, ते मला खुपतं. तू येण्याआधी ह्या लोकांचं काम मन लावून ऐक.

करार वाढत वाढत चौदा वर्षं निघाली. मग जमीन विकली गेली आणि एप्रिल २००५ मध्ये क्लब बंद झाला. वेर्टहाइमच्या त्या जमिनीवर आता ऑफिसं आहेत आणि २०१४ मध्ये उघडलेला मॉल ऑफ बर्लिन आहे. तरी एकदा दिवसा तिथे जाऊन ये.

२००७ मध्ये ट्रेझोर पुन्हा उघडला, क्योपेनिकर श्ट्रासेवरच्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात. लांब काँक्रीटच्या बोगद्यातून तळघरात उतरावं लागतं. जुन्या जागेतले गज आणि कप्पे तिथे आणून बसवलेत. वरचा केंद्राचा मुख्य हॉल देवळाच्या सभामंडपासारखा उंच आहे. उन्हाळा सरताना तिथे ‘अटोनाल’ हा प्रयोगशील संगीताचा महोत्सव असतो, जो हेगेमाननेच १९८२ मध्ये सुरू केला होता. फोनच्या कॅमेऱ्यावर दारातच स्टिकर लावतात, त्यावर वाद घालू नकोस. सोबत रोख पैसे, ओळखपत्र आणि कानात घालायचे बोळे असू देत. ते बोळे खरंच ने, तळघरातला आवाज फार मोठा असतो.

क्लबना मान मिळालाय. २०२१ मध्ये जर्मन संसदेने त्यांना सांस्कृतिक संस्था मानावं असा ठराव केला, २०२४ मध्ये बर्लिनचं टेक्नो जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेलं. पण त्याच वर्षअखेरीस स्प्रे नदीकाठचा ‘वॉटरगेट’ हा क्लब बंद झाला. रिकाम्या जागाच उरल्या नाहीत, आणि भाडी चढतच आहेत.

म्हणूनच खोली क्लबजवळ शोधू नकोस. त्या भागात विद्यार्थ्याला परवडेल असं फारसं काही मिळत नाही. त्यापेक्षा यू-८ ह्या मेट्रो मार्गावर बघ: उत्तरेला गेझुंडब्रुनेनकडे किंवा दक्षिणेला नॉयक्योल्नमध्ये हेरमानश्ट्रासेकडे. क्लबचं हाइनरिश-हाइने-श्ट्रासे स्टेशन ह्याच मार्गावर आहे, आणि शुक्रवारी-शनिवारी मेट्रो रात्रभर चालते.

खोली ठरवताना ‘आनमेल्डुंग’ म्हणजे पत्त्याची नोंदणी होईल का, हे लेखी विचार. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. नोंदणी नाही म्हणणारी खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून दे. अनामत रक्कम हीटिंग वगैरे वगळून जे भाडं असेल, त्याच्या तिपटीहून जास्त कायद्याने मागता येत नाही. खोली कोणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नकोस. पाहायला जाणारं इथे कोणी नसेल तर मला कळव, मी जाऊन बघून येईन.