मोठी कंपनी खरंच स्वस्तात माल काढते का? खर्चाच्या आकड्यांवर तुमचे प्रश्न

प्रश्न: उत्पादन वाढलं की आमचा प्रति नग खर्च कमी होतो. हीच इकॉनॉमी ऑफ स्केल, म्हणजे मोठ्या आकारामुळे होणारी बचत ना?

बहुतेक वेळा नाही. मशीन तेच, भाडं तेवढंच, नग जास्त निघाले म्हणून फिक्स्ड खर्च जास्त नगांवर वाटला गेला, एवढंच झालं. स्केलचा प्रश्न असा की प्लांटच मोठा उभारला, सगळं नव्याने ठरवायची मुभा असली तर खर्च किती वाढेल. ह्या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की अर्धी कॅपॅसिटी रिकामी असलेली कंपनी "लहान म्हणून महागडी" दिसते. मी तर कुठलाही डेटा आला की आधी कॅपॅसिटी किती वापरली तेच बघते.

प्रश्न: मग मोजायचं कसं?

एकूण खर्चाचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या, उत्पादनाचा लॉग घ्या, मजुरी, इंधन, भांडवल ह्यांचे दर सोबत टाका आणि रिग्रेशन (कशामुळे खर्च किती बदलतो ते काढायची संख्याशास्त्रीय पद्धत) चालवा. उत्पादनाचा कोएफिशंट (उत्पादन 1% वाढलं तर खर्च किती टक्के वाढतो तो आकडा) 1 पेक्षा कमी आला तर स्केलचा फायदा आहे. अर्थतज्ज्ञ मार्क नर्लोव्ह यांनी 1963 मध्ये अमेरिकेतल्या 145 वीज कंपन्यांच्या 1955 च्या डेटावर हेच केलं आणि साधारण 0.72 आला, म्हणजे उत्पादन 10% वाढलं तर खर्च 7% च्या आसपासच वाढतो. पण मला त्यातली पुढची पायरी जास्त महत्त्वाची वाटते, त्यांनी कंपन्यांचे आकारानुसार पाच गट पाडले आणि दिसलं की लहान गटांत फायदा भरपूर, मोठ्यांकडे जाताना तो जवळजवळ संपतोच! सगळ्यांना एकच आकडा लावला असता तर हे झाकलंच गेलं असतं. पुढे 1976 मध्ये क्रिस्टनसेन आणि ग्रीन यांनी ट्रान्सलॉग फंक्शन हे जास्त लवचिक सूत्र वापरलं, त्यात आकाराबरोबर आकडा बदलू शकतो, आणि 1970 पर्यंत बरीचशी वीज खर्चाच्या आलेखाच्या सपाट भागातल्या, म्हणजे आणखी मोठं होऊन फारसा फायदा नसलेल्या कंपन्याच बनवत होत्या असं निघालं.

प्रश्न: दर टाकले नाहीत तर चालेल?

नको. मोठ्या कंपनीला कच्चा माल स्वस्त मिळत असेल तर ती सौदेबाजीची ताकद तुम्ही तंत्रज्ञानाच्या खात्यात जमा कराल.

प्रश्न: माझ्याकडे एकाच वर्षाचे आकडे आहेत, पुरतील?

जपून वापरा. ज्या कंपनीला त्या वर्षी नशिबाने जास्त ऑर्डर मिळाल्या ती मोठीही दिसते आणि स्वस्तही, अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्येच हा धोका सांगितलाय. तीन-चार वर्षांची सरासरी मिळत असेल तर आधी ती घ्या.