२४६ सामने, २८ गोल. मग रोसित्स्कीचं एवढं कौतुक का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये दहा वर्षं, २४६ सामने, अवघे २८ गोल, लीगचं एकही विजेतेपद नाही आणि बराचसा काळ दुखापतींत गेलेला. तरीही चेक फुटबॉलपटू तोमाश रोसित्स्कीचं नाव निघालं की जुने चाहते हळवे का होतात? 'दुखापती नसत्या तर' एवढ्या एका जर-तरवरच त्याची सगळी पुण्याई उभी आहे का?

माझं उत्तर 'नाही' असं आहे. त्या जर-तरचा मला तर कंटाळाच आलाय. जे घडलं नाही त्यावर इतकं बोललं जातं की जे घडलं ते बघायचं राहूनच जातं. त्यातून आपल्याकडे बहुतेकांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते २००६ नंतर, ईएसपीएन-स्टारवर प्रीमियर लीग बघताना. त्यामुळे हिशोबही तिथूनच सुरू होतो. पण तो लंडनला आला तेव्हा २५ वर्षांचा होता आणि त्याची निम्मी कारकीर्द उरकली होती.

म्हणून आधी जर्मनीतला डॉर्टमुंड क्लब. ऑक्टोबर १९८० मध्ये प्रागला जन्म, वडील यिरी स्पार्टा प्राग क्लबचे जुने खेळाडू, पोरगाही स्पार्टातच घडला. २००० मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या गटात स्पार्टा आणि आर्सेनल एकत्र होते, म्हणजे आर्सेनलचे प्रशिक्षक वेंगरना हे नाव ठाऊक व्हायला २००६ उजाडावं लागलं नव्हतं. पण जानेवारी २००१ मध्ये डॉर्टमुंडनं त्याला अडीच कोटी मार्कांना उचललं. बुंडेसलीग या जर्मन लीगमधली तोवरची ती सगळ्यात महागडी खरेदी. क्लबनं नुकतेच शेअर बाजारातून पैसे उभे केले होते आणि ते खर्च करायची घाई झालेली होती. विसावं वर्ष नुकतंच पूर्ण केलेला, अंगानं काडी असलेला मुलगा, पाठीवर १० नंबर. तिथल्या लोकांनी त्याला 'श्नित्सेल' (मांसाचा तळलेला काप) म्हणायला सुरुवात केली. बाबा रे, जरा खात जा, असा त्यातला सूर.

पुढच्याच हंगामात, २००१-०२ मध्ये, माथियास सामरच्या हाताखाली डॉर्टमुंड विजेते झाले. त्या संघाची रचना आठवा. पुढे दोन मीटरहून उंच यान कोलर, त्याच्या बाजूला आमोरोझो, आणि या दोघांच्या मागे रोसित्स्की. कोलरनं डोक्यानं खाली पाडलेला चेंडू कुठे पडणार हे बचावपटूंच्या आधी रोसित्स्कीला कळायचं. आमोरोझोनं त्या हंगामात १८ गोल केले आणि संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारा ठरला. नाव त्याचं झालं, ते रास्तच आहे. पण त्या हल्ल्याचा वेग ठरवणारा माणूस मागे होता. शेवटच्या दिवशी ब्रेमेनला २-१ हरवून त्यांनी लेवरकुसेनला एका गुणानं मागे टाकलं. चारच दिवसांनी यूएफा कप या युरोपातल्या दुसऱ्या क्लब स्पर्धेचा अंतिम सामना, तोही फेयनूर्डच्या घरच्या मैदानावर. कोलरनं (हा जर्मन बचावपटू युर्गेन कोलर, यान नव्हे, या दोघांनी तेव्हा बऱ्याच जणांना चकवलंय) लाल कार्ड घेतलं आणि दहा जणांनिशी डॉर्टमुंड ३-२ हरले.

मग क्लबचे दिवस फिरले. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्रुजविरुद्ध पेनल्टीवर हरून चॅम्पियन्स लीगची दारं बंद झाली आणि त्या पैशावर बेतलेलं सगळं गणित कोसळलं. २००५ च्या मार्चमध्ये क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून परतला. रोसित्स्कीची मधली वर्षं, जी खरं तर चढती असायला हवी होती, ती या पडझडीत गेली. 'त्यानं आणखी मोठा क्लब आधीच का नाही गाठला' असं विचारणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

देशाकडून खेळतानाचा रोसित्स्की मला जास्त आवडतो, हे कबूल करतो. २००४ च्या युरोतला प्रशिक्षक कारेल ब्रुकनरचा चेक संघ हा मी पाहिलेला सगळ्यात देखणा न जिंकलेला संघ. गालासेक मागे थांबणार, नेदवेद आणि पोबोर्स्की दोन्ही बाजूंनी, मध्ये रोसित्स्की, पुढे कोलर आणि बारोश. आवेइरोला नेदरलँड्सविरुद्ध १९ मिनिटांत ०-२ मागे पडून ३-२ जिंकले, तो सामना आजही पूर्ण बघण्यासारखा आहे. उपांत्य सामन्यात ग्रीसविरुद्ध सुरुवातीलाच रोसित्स्कीचा फटका आडव्या खांबावर आदळला. पुढे पहिल्याच सत्रात नेदवेद गुडघा धरून बाहेर गेला आणि जादा वेळेत देल्लासच्या सिल्व्हर गोलनं (जादा वेळेच्या पहिल्या सत्राअखेर आघाडी असेल तर सामना तिथेच संपवणारा तेव्हाचा नियम) सगळं संपलं. तो फटका दोन इंच खाली असता तर... बघा, मीही जर-तरमध्ये शिरलो. असो.

नेदवेदशी तुलना नेहमी होते म्हणून एवढंच सांगतो: २००३ चा बॅलन डी'ऑर घेणारा नेदवेद हा पळण्याच्या ताकदीवर सामना ओढून नेणारा खेळाडू होता. रोसित्स्की तसा नव्हता. एकट्याच्या जोरावर सामने फिरवायची अपेक्षा त्याच्याकडून केली तर तो कमीच भरेल. अपवाद दोन-तीन, त्यातला मोठा २००६ च्या विश्वचषकातला. १२ जून, गेल्झेनकिर्खेन, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. अमेरिकेविरुद्ध पहिला गोल कोलरचा. मग रोसित्स्कीनं तीसेक यार्डांवरून चेंडू असा मारला की गोलकीपर केसी केलरला हलायलाच उशीर झाला. दुसऱ्या सत्रात एकटा आत घुसून तिसराही त्यानंच केला. ३-०. त्या रात्री चेक संघ जग जिंकेल असं वाटत होतं. पण त्याच सामन्यात कोलर जायबंदी झाला होता. नंतर घाना आणि इटली, दोन्हीकडे ०-२, आणि गाशा गुंडाळला.

आता आर्सेनल. रोबेर पिरेसचा ७ नंबर त्याला मिळाला, हेच मुळात ओझं होतं. पिरेस गोल करायचा. रोसित्स्कीकडून लोकांनी तेच मागितलं. सुरुवात झकास होती. हॅम्बर्गविरुद्ध लांबून मारलेला गोल, मग जानेवारी २००७ मध्ये अॅनफिल्डवर एफए कपात गतविजेत्या लिव्हरपूलविरुद्ध पहिल्या सत्रात दोन. २००७-०८ मध्ये फाब्रेगास, फ्लामिनी, ह्लेब आणि तो अशी चौकडी जमली होती. मैफिलीत गायकाला तालाचा पक्का तबलजी मिळावा तसं फाब्रेगासचं त्या काही महिन्यांत झालं होतं. २६ जानेवारी २००८ ला न्यूकॅसलविरुद्धच्या एफए कप सामन्यात रोसित्स्की लंगडत बाहेर आला. आर्सेनल तेव्हा जेतेपदाच्या शर्यतीत होते. महिनाभरात आघाडीचा खेळाडू एदुआर्दोचा पायही मोडला. हंगाम संपला तेव्हा मँचेस्टर युनायटेड ८७, आर्सेनल ८३. लोक एदुआर्दोच्या दुखापतीला दोष देतात. माझ्या मते खिंडार त्याआधीच पडलं होतं, कारण मधल्या फळीत बदली द्यायला तसा दुसरा माणूसच नव्हता.

रोसित्स्की परतला थेट सप्टेंबर २००९ मध्ये, मँचेस्टर सिटीविरुद्ध, बदली म्हणून, आणि गोलही केला. तुम्हाला तो सामना आठवत असेल, पण वेगळ्या कारणानं: नुकताच आर्सेनल सोडून सिटीत गेलेला अडेबायोर अख्खं मैदान पळत जाऊन आर्सेनलच्या प्रेक्षकांसमोर गुडघ्यांवर घसरला तो. दीड वर्षाहून जास्त काळानं परतलेल्या माणसाचा गोल त्या गदारोळात कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

२७ ते २९ ही वर्षं गेली ती गेलीच, ती भरून आली असं मी म्हणणार नाही. परतलेला खेळाडूही वेगळा होता. लांबून मारायची सवय कमी झाली, बॉक्सजवळ पोचल्यावर फटका मारण्याऐवजी आणखी एक पास शोधायचा, आणि त्यापायी आम्ही टीव्हीसमोर किती आरडाओरडा केलाय त्याला हिशोब नाही. गोल करण्यातला थंडपणा त्याच्याकडे कधीच पुरेसा नव्हता. हे त्याचे चाहते म्हणवणारेही मान्य करतील.

पण त्याचं खरं काम काय होतं ते बघा. चेंडू यायच्या आधीच अंग अर्धं वळवून घ्यायचं, म्हणजे पहिल्या स्पर्शालाच तोंड प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे. दुसऱ्या स्पर्शाला चेंडू पुढे, पुष्कळदा उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं, कारण पाय फिरवायला लागणारा क्षणही वाचतो. आणि पास दिला की उभं न राहता पळायचं, म्हणजे परत घ्यायला मोकळं. फेब्रुवारी २०१४ मध्ये सँडरलंडविरुद्धचा त्याचा गोल याचा नमुना आहे. विल्शेर, काझोर्ला, जिरू यांच्याशी एका-एका स्पर्शात देवाणघेवाण आणि शेवटी गोलकीपरवरून अलगद. दुसरी गोष्ट, जिची नोंद गोल-असिस्टच्या तक्त्यात होतच नाही: चेंडू हिसकावणं. 'छोटा मोत्सार्ट' म्हणून ओळखला जाणारा हा माणूस आडवा पडून टॅकल करायचा, आणि चांगला करायचा. जानेवारी २०१४ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध एफए कपात मध्यरेषेपाशी डॅनी रोझकडून त्यानं चेंडू पळवला, एकटा धावत गेला आणि गोलकीपर लोरिसच्या डोक्यावरून टाकला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. दोन महिन्यांनी टॉटनहॅमच्याच मैदानावर, व्हाइट हार्ट लेनवर, दुसऱ्याच मिनिटाला त्याचा जोरदार फटका, आणि सामना १-० संपला.

तरी मला विचाराल तर त्याची आर्सेनलमधली सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे २०१२ चा वसंत. आधीच्या ऑगस्टमध्ये फाब्रेगास आणि नासरी गेले होते, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडकडून ८-२ अशी धूळधाण उडाली होती (त्या सामन्यात तो होता, तेही लपवायला नको). २६ फेब्रुवारीला टॉटनहॅम घरी आले तेव्हा ते गुणतक्त्यात दहा गुणांनी पुढे होते आणि सामन्यातही ०-२ नं. सान्या, व्हान पर्सी, बरोबरी. मग दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला रोसित्स्कीनं हल्ला सुरू केला, सान्याकडे चेंडू देऊन स्वतः आत पळाला आणि परत आलेल्या चेंडूला फक्त पाय लावला. ३-२. वॉलकॉटनं पुढे ५-२ केलं. त्यानंतर वेंगरनी त्याला मध्यभागी कायम ठेवलं. संघ जिंकत सुटला आणि हंगामाअखेर आर्सेनल ७०, टॉटनहॅम ६९. चेल्सीनं चॅम्पियन्स लीग जिंकल्यामुळे चौथ्या क्रमांकाचं टॉटनहॅम त्या स्पर्धेबाहेर राहिलं. एका गुणाची किंमत ही एवढी. मार्चमध्येच त्याचा करार वाढवला गेला, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये वेस्ट ब्रॉमविरुद्ध दोन गोल करून त्यानं चौथ्या स्थानाच्या धडपडीतही हात दिला.

त्याच २०१२ च्या उन्हाळ्यात तो युरोत चेक संघाचा कर्णधार होता. रशियाकडून १-४ हरूनही चेक गटात पहिले आले, तेही खाल्लेले गोल केलेल्यांपेक्षा जास्त असताना. आणि हो, ग्रीसविरुद्ध त्याचा पाय दुखावलाच. उरलेले सामने बाहेरून बघितले.

एफए कप २०१४ मध्ये आला. हलविरुद्ध अंतिम सामन्याच्या जादा वेळेत तो मैदानात होता. २०१५ चा कप जिंकताना ब्रायटनविरुद्ध त्यानं मारलेला व्हॉली शोधून बघा. शेवटच्या हंगामात तो लीगचा एकही सामना खेळला नाही. जानेवारी २०१६ मध्ये बर्नलीविरुद्ध बदली म्हणून आला, दुखावला, तरी बदलीच उरली नव्हती म्हणून शेवटपर्यंत थांबला. मे महिन्यात सहकाऱ्यांनी दोन रांगा करून त्याला निरोप दिला. काही आठवड्यांनी ३५ व्या वर्षी तो पुन्हा युरोत चेक संघाकडून उतरला. पहिला युरो १९ व्या वर्षी खेळलेला. एकूण १०५ आंतरराष्ट्रीय सामने, चेक संघासाठी त्याच्यापुढे फक्त चेख आणि पोबोर्स्की.

मग स्पार्टात परत, डिसेंबर २०१७ मध्ये निवृत्ती, आणि वर्षभरात तिथलाच क्रीडा संचालक. या भूमिकेत तो कमालीचा चालला. २०१४ नंतर हुकत आलेलं लीग विजेतेपद स्पार्टानं २०२३ मध्ये मिळवलं, पुढच्या वर्षी राखलं आणि जोडीला कपही घेतला.

तुम्हाला स्वतः पडताळून बघायचं असेल तर गोलांची संकलनं बघू नका, त्यांत तो खरंच साधा वाटतो. ६ मार्च २०१२ चा चॅम्पियन्स लीगमधला मिलानविरुद्धचा सामना पूर्ण मिळवा. पहिल्या लढतीत ०-४ मार खाल्लेला, मधल्या फळीत आर्तेता आणि रॅमसी दोघंही नाहीत, साँग आणि अठरा वर्षांचा ऑक्सलेड-चेंबरलेन यांच्यासोबत हा. पहिल्या सत्रात ३-०, त्यातला दुसरा त्याचा. चेंडू इतरांकडे असताना फक्त त्याच्यावर नजर ठेवा. दुसऱ्या सत्रात संघ दमतो, व्हान पर्सीची ती हुकलेली संधीही येते. तिथेही त्याच्यावरची नजर हलवू नका, आणि मग सांगा २८ चा आकडा किती महत्त्वाचा वाटतो ते.