तवा उलटा करून बघ

पुणे, रविवार रात्र

चि. तुला अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात भेटलीस तेव्हा म्हणालीस, "काका, मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेस हा विषय म्हणजे नुसतं पाठांतर आहे हो. व्याख्या, आकृती, फायदे, तोटे, उपयोग. पुढच्या धड्यात परत तेच." मी हसून वर गेलो, पण ते डोक्यातून गेलं नाही. तुझं खरं आहे. पुस्तकं तशीच लिहिलेली असतात. मीही सॅण्ड कास्टिंगचे, म्हणजे वाळूच्या साच्यातल्या ओतकामाचे, आठ फायदे घोकून पास झालो, आणि नोकरीत त्यातला एकही कामाला आला नाही.

तेव्हा वही मिट आणि स्वयंपाकघरात जा. तुमच्याकडे डोशाचा बिडाचा तवा आहे आणि पोळ्यांचा लोखंडी, मी दोन्ही पाहिलेत. उलटे कर. बिडाच्या तव्याची पाठ खरखरीत लागेल, ती वाळूच्या साच्याची खूण. कडेला घासून काढलेला एखादा उंचवटा सापडला, तर वितळलेल्या धातूचा रस तिथून आत शिरला असं समज. पोळीचा तवा सगळीकडे एकाच जाडीचा, कारण तो पत्रा कापून, दाबून केलाय. आता स्वतःलाच विचार, बिडाचा तवा तसाच दाबून का नाही करत? बिडात दोन टक्क्यांहून जास्त कार्बन असतो आणि त्यातलं ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं. दाबायला गेलीस तर वाकायच्या आधी तडकेल. पण त्याच कार्बनमुळे बीड साधारण १,१५० ते १,२०० अंशांत वितळतं, शुद्ध लोखंडाला १,५३८ लागतात. शिवाय रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट पळतो. दाबायला नाठाळ, ओतायला गुणी. एवढं कळलं की फायद्या-तोट्यांचा तक्ता पेपरात बसून तुझा तुला लिहिता येतो.

पुढच्या सुट्टीत कसब्यात तांबट आळीत जा. पेशवाईपासून तिथं तांब्याची भांडी घडतात. एखाद्या दुकानाच्या पायरीवर अर्धा तास नुसती बस. हातोड्याचा ठोका बसेल तसं तांबं कडक होत जातं. मग कारागीर भांडं भट्टीत लाल करतो, ते परत मऊ पडतं, पुन्हा ठोकायला घेतो. हे मधलं तापवणं चुकवलं तर भांड्याला चीर जाते. आणि शेवटचं मठारकाम, ते चकचकीत एकसारखे ठोके, त्याला लोक नक्षी समजतात. दिसतं सुंदरच, पण त्यानंतर भांडं तापवत नाहीत, म्हणून तो कडकपणा आत राहतो आणि पातळ पत्र्याचा हंडा पाण्यानं भरून उचलला तरी दबत नाही. ठोक्यांनी कडक होणं म्हणजे स्ट्रेन हार्डनिंग, तापवून मऊ करणं म्हणजे अॅनिलिंग, त्यात आतले कण नव्यानं घडणं म्हणजे रिक्रिस्टलायझेशन, असे तुझे तीन प्रश्न त्या पायरीवर सुटतात. एक गंमत विचारून बघ. तापलेलं तांबं पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, पोलादाची छिन्नी तशीच बुडवली तर कडक होते. असं का? तोंडी परीक्षेत हे विचारतात, आणि बहुतेक मुलं दोन्हीला एकच उत्तर देतात.

आता माझी फजिती सांगतो. नवीन असताना भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये होतो. अॅल्युमिनियमचे ८० मिलिमीटर व्यासाचे जॉब, म्हणजे घडवायचे तुकडे, लेथवर फिरवून टर्न करायचे होते. कूलंटचा, म्हणजे थंड करणाऱ्या द्रवाचा, पंप बंद पडलेला, संध्याकाळची घाई. जॉब चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, काढला की लगेच मायक्रोमीटर लावायचा, माप बरोबर, पुढचा. हाताला चटका बसत होता, पण त्या चटक्याचा मापाशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. सकाळी तपासणीत पूर्ण लॉट अंडरसाइझ, मापाहून लहान. अॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन प्रसरण पावतं. तीस अंशांचा फरक धर, ८० मिलिमीटरला किती झाले? ५५ मायक्रॉन. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, त्याहून कमी होता. हे गणित मी परीक्षेत सोडवलं होतं, पूर्ण मार्कांनी. लॉट भंगारात गेला. मापनाचं प्रमाण तापमान २० अंश ठरलेलं आहे, ते पुस्तकातलं वाक्य त्या दिवसापासून मला कधी कोरडं वाटलं नाही.

गणितांचंही तसंच. टेलरचं समीकरण, कापायचा स्पीड आणि हत्याराचं आयुष्य यांचं नातं सांगणारं, तुला पाठ असणार. फ्रेडरिक टेलरनं ते १९०७ साली छापलं, त्याआधी पंचवीसेक वर्षं धातू कापून. तू त्यात आकडे घालून खेळ. हायस्पीड स्टीलच्या हत्याराचा एन (समीकरणातला घातांक) ०.१२५ धर, कार्बाइडचा ०.२५, आणि स्पीड २० टक्के वाढव. कार्बाइडचं आयुष्य निम्म्याच्या जरा खाली येतं. हायस्पीड स्टीलचं चौथ्या हिश्श्याच्याही खाली. मग कळेल, साहेब "स्पीड वाढवा" म्हणून गेला की लेथवरचे मामा मान डोलावतात आणि लिव्हरला हात का लावत नाहीत.

इंटर्नशिपचं विचारलं होतंस. मोठ्या कंपनीचं नाव सर्टिफिकेटवर छान दिसतं, पण तिथं पिवळ्या पट्ट्यांच्या आतून फिरवून आणतात आणि पॉवरपॉइंट दाखवतात. माझं ऐकशील तर भोसरीत किंवा चाकणला दहा-बारा मशिनचं शॉप शोध, जिथं मालक स्वतः जॉब चढवतो. ऑपरेटरला "मामा, हे असंच का करता?" एवढंच विचार. पहिले दोन दिवस उत्तर मिळणार नाही. तिसऱ्या दिवशी चहाला बोलावतील. केस घट्ट बांध, ओढणी घरी ठेव, आणि फिरत्या चकजवळ हातमोजे घालू नकोस. मोजा अडकला तर हात बरोबर जातो. हे कुणी चेष्टेवारी नेलं तरी तू नेऊ नकोस.

आणि वर्कशॉपच्या जॉबला कानस स्वतः मार. ड्रॉइंगच्या शीटला सगळे जीटी मारतात, म्हणजे दुसऱ्याची शीट काचेवर ठेवून गिरवतात, मीही मारल्यात, त्याबद्दल बोलणार नाही. पण दुसऱ्यानं घासलेला जॉब सबमिट केलास तर कानस सपाट चालवणं किती अवघड असतं ते तुझ्या मनगटाला कधीच कळणार नाही.

येत्या रविवारी वर ये. येताना आईची पिठाची चाळणी आण, भोकं पाडलेली, जाळीची नको. डोळे मिटून दोन्ही बाजूंनी बोट फिरव आणि भोक पाडणारा पंच कुठून शिरला ते सांग. चहा टाकून ठेवतो.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका